बाइक पडली, आता मागे कोण बसणार?

मनाली-लेह रस्त्यावर दारचा गाव मागे पडलं की गॅरेज सहज सापडत नाही. पुढे ४,८०० मीटरहून उंच बारालाचा खिंड असते. अशा ठिकाणी दोघं जात असताना बाइक घसरली, तर इंजिन बंद करा आणि आधी मागे बसलेल्या व्यक्तीकडे पाहा. मान, पाठ दुखतेय का? चक्कर येतेय का? बाइकचं नंतर.

मग पेट्रोल किंवा ऑइल गळतंय का, ते बघा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ आहे का, तपासा. चाकं फिरवून पाहा, दोन्ही ब्रेक दाबून पाहा. ब्रेक लागत नसेल तर कुणीच बसू नका. बाइक पिकअपमध्ये टाका.

फक्त क्लचचा लिव्हर वाकलाय, हँडल किंचित तिरकं झालंय? अशी बाइक एकट्याला सावकाश पुढच्या मुक्कामापर्यंत नेता येईल. पण दोघांच्या वजनाने ती सांभाळणं अवघड होतं. सोबत्याला बसने किंवा टॅक्सीने पाठवा. रेंज मिळेलच असं नाही, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा.

दुरुस्तीनंतरही तो किंवा ती ‘नको’ म्हणाली, तर आग्रह करू नका. आपटलेलं हेल्मेट मात्र बदलाच.