रान राखलं, हाच गुन्हा?

३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढला. २०१४ पासूनचा हा सहावा. ऑफिसच्या ग्रुपवर ‘सह्याद्री वाचवा’ची ऑनलाइन याचिका आली, मी सही केली. त्याच आठवड्यात संगमेश्वर तालुक्यातल्या गावाहून चाचांचा फोन आला, “आता म्हणे कलमाची फांदी तोडायलाही परवानगी लागणार!”

मसुदा मीही वाचला नव्हता, त्यांनीही नाही. मग बसून वाचला. बंदी आहे ती खाणी, वाळू उपसा, नवे औष्णिक प्रकल्प, जास्त प्रदूषण करणारे कारखाने आणि २०,000 चौरस मीटरपुढच्या बांधकामांवर. शेतीवर नाही. जमिनीच्या खरेदी-विक्रीवरही नाही. म्हणजे बंदी खाणीवर आणि भीती घातली जाते शेतकऱ्याला. कुणाच्या खांद्यावरून कोण बंदूक चालवतंय, ते समजून घ्या.

पण म्हणून शहरवाले बरोबर ठरत नाहीत. डेटा हाच माझा धंदा, त्यामुळे हा नकाशा कसा बनला ते मुद्दाम पाहिलं. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’, म्हणजे वस्ती, शेती, बागायतीचा भूभाग वेगळा केला. गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील निघाला, तर अख्खं गाव यादीत. आता हिशोब करा. ज्याने डोंगर बोडका केला, रान ठेकेदाराला विकलं, ते गाव सुटण्याची शक्यता जास्त. चाचांसारख्यांनी तीन पिढ्या रान राखलं, ते अडकले. रान राखणाऱ्याला मोबदला काय, हे मसुद्यात शोधलं. सापडलं नाही.

त्याआधी २०११ मध्ये गाडगीळ समितीने सांगितलं होतं की अंतिम हद्दी ग्रामसभांना विचारून ठरवा. ते बाजूला पडलं. राजपत्र छापलं जातं हिंदी-इंग्रजीत, हरकतीला मुदत साठ दिवस, तीही ऐन लावणीच्या हंगामात सुरू झालेली.

आणि आपण? मुंबई-पुण्यात, आखातात कमावतो, गावी चिऱ्याचा बंगला बांधतो. तो चिरा खाणीतूनच येतो. इथे मोबाइलवर सही करून मोकळे होतो. (माझ्या घराच्या नव्या खोल्याही चिऱ्याच्याच आहेत, लपवत नाही.) आपल्यात इंजिनिअर, वकील कमी आहेत का? पुढच्या वेळी मसुदा सोप्या मराठीत उतरवा, जुम्याला गावकरी जमतात तेव्हा सांगा, ग्रामसभेत वाचून दाखवा. रान राखण्याचा मोबदला मागणारा ठराव गावाच्या शिक्क्यानिशी पाठवा.

मी चाचांना सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून म्हणाले, “खाण बंद होत असेल तर माझी ना कशाला? पण मला विचारलं का कुणी?”

तोवर साठ दिवस उलटून गेले होते.