'अल्लाह'चे मराठी

जुन्नर तालुक्यातील ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांनी ज्यांना गुरू म्हटले, ते हे बाबाजी. तुकोबांच्या गाथेत हिंदी-दखनी वळणाची काही पदे आहेत आणि त्यांत 'अल्ला' हे नाव जसेच्या तसे येते. त्याच सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' रचला, तो मात्र इथल्याच ईश्वरवाचक शब्दांत. वारकऱ्याने अरबी नाव राखले, मुसलमानाने मराठी नाव घेतले!

'अल्लाह' म्हणजे देव, असे सांगून आपण वर्गात मोकळे होतो. पण कलम्यात 'इलाह' हे सामान्यनामही आहे आणि 'अल्लाह'ही. दोहोंना 'देव' लावला, तर 'देवाशिवाय देव नाही' एवढेच उरते. विधानाचा कणाच मोडतो. शिवाय 'देव' अनेकवचनी होतो, त्याची 'देवी'ही होते. अशा ठिकाणी अनुवादकाने मूळ नावच ठेवावे.

म्हणून या नावाचे भाषांतर कधीच करू नये, हे मात्र मला मान्य नाही. फारसीने 'खुदा' केव्हाच रुळवला. उलट अरबी ख्रिस्ती लोकांच्या बायबलात 'अल्लाह'च आहे. (मलेशियात एका कॅथलिक साप्ताहिकाला हा शब्द वापरण्यास बंदी झाली, २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील दाखल करून घेण्यासही नकार दिला.) शब्दावर अशी मालकी सांगितली, तर शेख महंमदांच्या ओव्या कोणाच्या खात्यात टाकायच्या? जुन्नर-आंबेगावात मराठी बोलणारा मुसलमान सहज 'देवाची कृपा' म्हणून गेला, तर त्याचे काय चुकले?