वनातला दगड कोणाचा?

दिवाळी उरकली की आमच्या माळव्यात सहलींचा हंगाम सुरू होतो. पाताळपाणी, चोरल, जानापावचा डोंगर, आणखी पुढे गेल्यास बाघ. शाळा काय किंवा कुटुंबे काय, सारी वनाकडे वळतात. परतताना बहुतेक मुलांच्या खिशात दगड असतात. ते चार दिवस खिडकीत मांडले जातात आणि पुढे केव्हातरी केरात जातात.

या छंदाला आमचा विरोध नाही. उलट, तो नीट जोपासला तर पाठ्यपुस्तकाच्या दहा धड्यांचे काम करतो, असेच आमचे मत आहे. माळव्याचे पठार सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याने घडले. तो थंडावताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पाषाणात पोकळ्या राहिल्या. त्यांत झिरपलेल्या पाण्यातून पुढे गारगोटी, अकीक, कॅल्साइट, झिओलाइट साकारले. ज्या काळ्या पाषाणाचा पाटा-वरवंटा आपल्या आजीने आयुष्यभर वापरला, त्याच्याच पोटात हे वैभव दडलेले असते. ते ओळखण्यास प्रयोगशाळाही लागत नाही. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइटवर मात्र चाकूच्या टोकानेही ओरखडा पडतो आणि त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस पिळला असता बारीक बुडबुडे येतात. मुलाने हे एकदा स्वतः करून पाहिले की गारगोटी आणि कॅल्साइट यांत त्याची गफलत सहसा होत नाही.

प्रश्न आहे तो दगड उचलण्याच्या जागेचा. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने वनातील लाकूड, मध, डिंक यांच्या जोडीला माती, दगड व खनिजे यांचीही गणना वनोपजात केली आहे. राखीव वनातून ती परवानगीवाचून नेता येत नाहीत. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांच्यासाठी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे बंधन आणखी कडक आहे. "एका खड्याने असे काय होते, गुरुजी?" असे पालक आम्हास हसून विचारतात. एका खड्याने काही होत नसेलही. पण सहल एका मुलाची नसते, आणि त्या वाटेने जाणारी शाळाही एकच नसते.

तथापि कायद्याहूनही मोठे कारण आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातच आहे. बाघ-कुक्षीच्या परिसरात टायटॅनोसॉर जातीच्या महाकाय प्राण्यांची 92 घरटी आणि 256 अंडी आढळल्याचे संशोधन जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. ही घरटी परस्परांच्या अगदी जवळ होती; त्यावरून हे प्राणी एकाच भूमीवर समूहाने अंडी घालीत असावेत, असा अभ्यासकांनी निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष कोणत्याही एका अंड्यात नव्हता. दोन घरट्यांमधील अंतरात होता. एखाद्या उत्साही सहलीने त्यांतले चार 'गोल दगड' पिशवीत घातले असते, तर घरी चार गोटे आले असते आणि ते अंतर कायमचे पुसले गेले असते. त्याच जिल्ह्यातील काही ग्रामस्थ असे गोल पाषाण कुलदैवत म्हणून पुजत आल्याचे 2023 च्या अखेरीस वृत्तपत्रांतून आले. त्यांना त्यांचे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु देव मानल्यामुळे ते दगड निदान गावातच राहिले. सुशिक्षितांच्या खिशात गेलेल्या दगडांचे तेवढेही भाग्य नसते.

मग मुलांनी काय करावे? वनात जावे, अवश्य जावे; पण पिशवीऐवजी वही, पेन्सिल आणि मोजपट्टी न्यावी. दगड जागेवरच पाहावा, मोजावा, त्याचे चित्र काढावे आणि आजूबाजूला काय आहे ते टिपावे. शाळेला नमुने हवेच असतील तर वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. संग्रहासाठी नव्या विहिरीच्या खोदकामातून निघालेला ढीग उत्तम. मात्र शेताच्या मालकास विचारून. घरी आणलेल्या प्रत्येक नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन क्रमांक घालावा आणि वहीत गाव, शेत, तारीख व सापडवणाऱ्याचे नाव लिहावे. ठिकाण न लिहिलेला दगड म्हणजे पत्ता नसलेले पत्र होय. त्या क्रमांकापुढे 'गारगोटी', 'अकीक', 'चुनखडी' ही आपली नावेही लिहावीत. आमच्याकडची मुले दगडांची नावे हिंदी वा इंग्रजीतून शिकतात. ही नावे घरातच टिकली तर टिकतील.

असे दहा दगड कपाटात असणे हे शंभर दगड खिडकीत असण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. आणि अकरावा, सर्वांत सुंदर दगड जिथे दिसला तिथेच ठेवून येण्याची सवय मुलास लागली, तर त्या सहलीचा खर्च वसूल झाला असे आम्ही समजू.