विमान उडवण्याआधी ढगाला विचारा!

पावसानं ओढ दिली, पेरण्या करपल्या की कुणीतरी पुढारी माईकसमोर म्हणतोच, "कृत्रिम पाऊस पाडू!" २००३ ला हेच, २०१५ ला हेच, २०१९ ला हेच. विमानाचे फोटो छापून येतात. माझा प्रश्न एवढाच आहे: ज्या ढगात फवारलं, त्याच्या पोटात काय होतं, हे शेतकऱ्याला कुणी सांगितलं?

हे कळू शकतं, बरं का. लायडार नावाचं यंत्र ढगावर लेझर सोडतं. हा प्रकाश एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित. पाण्याचा थेंब गोल, त्यावरून उजेड जवळपास जसाच्या तसा परततो. बर्फाचा स्फटिक कोनाकोनाचा, तो कंपनाची दिशा बिघडवतो. धुळीचा ओबडधोबड कणही तेच करतो, म्हणून उंची आणि तापमान सोबत बघावं लागतं. यात नवलाई काही नाही. १९७१ मध्ये यावर शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या युटा राज्यात कृत्रिम पावसाच्या संशोधनात हे तंत्र वापरलंही गेलं.

याचा आपल्याशी संबंध काय? सिल्व्हर आयोडाइडला शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी लागतं. ढगाचा आधीच बर्फ झाला असेल, तर फवारा वाया. उबदार ढगाला वेगळं औषध, क्षारांच्या नळकांड्यांचं. रोग न तपासता इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरकडे आपण जाऊ का?

कुणी म्हणेल, लेझर दाट ढगात फार आत शिरत नाही. खरंय. म्हणून रडार आणि विमानातली मोजणीही हवी. पण अडचण आहे म्हणून मोजायचंच नाही, हा कुठला न्याय?

मोजून काम करता येतं, हे सोलापूरनं दाखवलंय. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ मध्ये तिथं २७६ ढग निवडले. काहींत फवारलं, काही मुद्दाम तसेच सोडले, मग तुलना केली. १०० चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के जादा पाऊस निघाला. जादू नाही, पण हिशेब आहे. आणि ढगच नसतील तर शून्याचे १८ टक्के शून्यच.

म्हणून माझी मागणी: फवारणीआधी ढग तपासा, काही ढग तुलनेसाठी सोडा, आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद तालुकावार जाहीर करा. पैसा आपला आहे. पुढच्या वेळी घोषणा झाली की टाळ्या नकोत, आकडे मागा.