गिऱ्हाईक नावडते म्हणून दार बंद?

‘वरून दबाव आहे, समजून घ्या,’ हा सभागृहवाल्याचा निरोप सीमाभागात चळवळ करणाऱ्यांना नवा नाही. लेखी हुकूम नसतो, कारण सांगितले जात नाही. अनामत तेवढी परत येते.

जगाच्या पातळीवर हेच २०१० साली घडले. ‘विकिलीक्स’ने २८ नोव्हेंबरपासून अमेरिकी वकिलातींचे गोपनीय खलिते प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. सिनेटर जो लिबरमन यांच्या कार्यालयाने विचारणा केली आणि १ डिसेंबरला ॲमेझॉनने या संस्थेला आपल्या सर्व्हरवरून हटवले. ‘आमच्या अटींचा भंग झाला,’ असा कंपनीचा खुलासा होता. पाठोपाठ पेपाल, मास्टरकार्ड व व्हिसा यांनी देणग्यांची वाट अडवली. तोवर कोणत्याही न्यायालयाने या प्रकाशनाबद्दल संस्थेला दोषी ठरवले नव्हते. तेच खलिते छापणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’वर मात्र अशी पाळी आली नाही.

व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रे १९७१ मध्ये उघड करणारे डॅनियल एल्सबर्ग यांनी तेव्हा ॲमेझॉनवर बहिष्काराची हाक दिली. आमच्या मते ती रास्त होती. विकिलीक्सचे सारेच वर्तन समर्थनीय नव्हते. २०११ साली त्यांनी माणसांची नावे न झाकता खलिते खुले केले, हा दोषच होय. पण दोषाचा निवाडा न्यायालयाने करावा. पुढाऱ्याच्या इशाऱ्यावर व्यापाऱ्याने नव्हे.

बहिष्कारालाही मर्यादा आहे. पुस्तक दुसऱ्या दुकानातून घेता येते; पण सारा व्यवहार दोन-तीन कार्ड कंपन्यांच्या हाती असेल, तर ग्राहकाने जावे कोठे? तेथे कायद्याचाच आधार लागतो. व्हिसाची आइसलंडमधील भागीदार कंपनी व्हॅलिटर हिने करार मोडला, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला आणि देणग्यांची वाट खुली करण्यास फर्मावले.

लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत बहिष्काराशेजारी स्वदेशी होती, हे विसरू नये. नकाराला पर्यायाची जोड हवी. दबाव झुगारून आपले पत्रक छापणाऱ्या लहान छापखान्याला लग्नपत्रिकेचेही काम द्यावे. आणि उद्या आपल्या विरोधकाची सभा अशीच रद्द झाली, तर त्या सभागृहवाल्यालाही आपणच जाब विचारावा. तेवढे धैर्य नसेल, तर आपल्या बहिष्काराला तत्त्वाचे नाव देऊ नये.