लस टोचली, पण लागू पडली का?

मुरगूड परिसरातून डायलिसिससाठी कोल्हापूर गाठणाऱ्या रुग्णाचे रक्त आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रातून फिरते. त्यामुळे ‘हिपॅटायटिस बी’ या काविळीचा धोका त्याला इतरांहून अधिक. लस आहे, पण मूत्रपिंडे निकामी झाली की प्रतिकारशक्तीही मंदावते. ९० टक्क्यांहून अधिक निरोगी प्रौढांना संरक्षण देणारी ही लस डायलिसिसवरील साधारण ५० ते ७० टक्के रुग्णांनाच लागू पडते. म्हणूनच त्यांना दुप्पट म्हणजे ४० मायक्रोग्रॅमची मात्रा, नेहमीच्या लसीचे सहा महिन्यांत चार डोस आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी आवश्यक ठरते. प्रतिपिंडांची पातळी १० एमआययू प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर पुन्हा लस. ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरिबांना उपचार मिळू लागले. या उपचारांबरोबर लशीची आणि तपासणीची नोंदही काटेकोरपणे ठेवली जावी. खरी संधी मात्र डायलिसिस सुरू होण्याआधीची आहे. मूत्रपिंडे थोडीफार चालतात, तेव्हा दिलेली लस अधिक गुण देते. मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णाचे क्रिएटिनिन वाढल्याचे दिसताच तालुक्याच्या पातळीवरच लसीकरण सुरू करावे. डायलिसिसची वेळ येईपर्यंत थांबणे परवडणारे नाही.