अस्सल जपावे, नक्कल द्यावी

सोलापूर–तुळजापूर हमरस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावात लग्नसराई आणि नवरात्र या दोन हंगामांवर ज्या छायाचित्रकाराचा प्रपंच चालतो, त्याला प्रतिमा-संक्षेपणाचे नवे प्रकार हा दूरदेशीच्या प्रयोगशाळांचा विषय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गिऱ्हाइकाने आयफोनवर काढलेला एचईआयसी फोटो दुकानातल्या जुन्या संगणकावर उघडत नाही आणि बँकेच्या नोकरभरतीचा ऑनलाइन अर्ज मात्र २० ते ५० केबीची जेपीईजीच मागतो, तेव्हा हा विषय त्याच्या गल्ल्यापर्यंत येऊन पोचलेला असतो.

ज्या गणितावर १९९२ सालची जेपीईजी उभी आहे, ते बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. चित्राचे आठ-आठ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील वगळावयाचा, ही तिची रीत. त्यामुळे तीच फाइल वारंवार दुरुस्त करून जतन केली, की शालूच्या जरीचा बारीक कस दर खेपेस थोडा थोडा कायमचा नाहीसा होतो. वेबपी (२०१०), आयफोनात २०१७ साली आलेली एचईआयसी आणि एव्हिफ (२०१९) हे नवे प्रकार कमी जागेत तोच दर्जा राखू पाहतात, आणि हा त्यांचा गुण नाकारण्याचे कारण नाही.

तथापि एखादा प्रकार टिकेल की नाही, याचा निवाडा केवळ गुणावर होत नाही. जेपीईजी एक्सएल जुनी जेपीईजी सुमारे वीस टक्क्यांनी लहान करून, हवी तेव्हा तंतोतंत पूर्ववत देते. तरीही २०२२ मध्ये गूगलने क्रोममधून तिची रवानगी जाहीर केली, आणि पुढच्याच वर्षी ॲपलने तिला सफारीत आश्रय दिला. दोन बलाढ्य कंपन्यांच्या मर्जीवर ज्याचे भवितव्य अवलंबून आहे, त्याच्या हवाली एखाद्या कुटुंबाच्या विवाहाचा एकमेव दस्त करणे शहाणपणाचे नव्हे.

डिस्कचा खर्च वाचावा म्हणून मूळ फाइली नव्या प्रकारात बदलून जुन्या पुसून टाकण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण तो खर्च बिलात धरावा, मूळ रॉ किंवा कॅमेऱ्यातून निघालेली पहिली जेपीईजी दोन स्वतंत्र डिस्कांवर जशीच्या तशी ठेवावी, आणि नवे प्रकार गिऱ्हाइकास द्यावयाच्या नकलेपुरते खुशाल वापरावेत. भरती करणाऱ्या बँकांनी व सरकारी खात्यांनीही अर्जदाराची मोठी फाइल, मग ती कोणत्याही प्रचलित प्रकारची असो, दाखल करून घेऊन ती आपल्याच यंत्रणेत लहान करावी. एका फोटोचे वजन उतरवण्यासाठी खेड्यातल्या उमेदवाराला दुकानाचे हेलपाटे घालावयास लावणे हा कारभार नव्हे.